टीव्ही बंद करण्याआधी

अगं, काल फोनवर तू रडवेली होऊन म्हणालीस, "ताई, मी केबलच काढून टाकते." कारणही सांगितलंस. तुझ्या चिऊने बाहुलीला कोपऱ्यात उभं केलं होतं आणि तिला दम देत होती, "या घरात माझाच शब्द चालणार, कळलं?" भुवई वर, मान तिरकी, थेट सासूबाईंच्या साडेसातच्या मालिकेतली ती काकू. तुझा नवरा म्हणाला, लहान आहे, विसरेल. तुला मात्र खटकलं. बरं झालं खटकलं. फोनवर सगळं बोलता आलं नाही, म्हणून आता निवांत लिहिते.

"लहान आहे, विसरेल" यावर भरवसा ठेवू नकोस. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६० च्या दशकात काही प्रयोग केले. हवा भरलेल्या मोठ्या बाहुल्याला एक मोठा माणूस मारतोय, लाथा घालतोय, असं बालवाडीतल्या मुलांना दाखवलं. मग मुलांना तशाच बाहुल्याजवळ खेळायला सोडलं, तर पुष्कळ मुलांनी हुबेहूब तेच केलं. तेच शब्द, तेच हातवारे. पडद्यावर पाहिलेल्या मुलांनीसुद्धा. पण मला महत्त्वाचा वाटतो तो १९६५ सालचा प्रयोग. त्यात काही मुलांना असं दाखवलं, की मारणाऱ्याला शेवटी शिक्षा होते. त्या मुलांनी नक्कल कमी केली. मग त्यांना सांगितलं, "काय पाहिलंत ते करून दाखवा, खाऊ मिळेल." झालं! सगळं करून दाखवलं त्यांनी. म्हणजे शिक्षा बघून मुलं गप्प राहिली, पण शिकायची ती शिकलीच होती.

आता आपल्या मालिका आठव. काकू महिनोन्महिने कटकारस्थान करते, दुधात काहीतरी मिसळते, दाराआडून ऐकते, आणि शेवटच्या आठवड्यात पोलीस येतात. "शेवटी सत्याचाच विजय होतो ना," असं म्हणून आपण निर्धास्त होतो. चिऊने मात्र तोवर सगळे धडे गिरवलेले असतात. म्हणून सांगते, तुझी काळजी अगदी रास्त आहे.

तरीसुद्धा केबल काढू नकोस. का, ते जरा तपशिलात सांगते.

तू तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हतीस, ७ जुलै १९८४ ला दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. त्यामागे मेक्सिकोतला एक विचार होता. तिथल्या मिगेल साबिदो यांनी १९७५ पासून साक्षरता, कुटुंबनियोजन अशा विषयांवर मुद्दाम मालिका केल्या होत्या. एक पात्र चांगलं, एक वाईट, आणि मधलं एक डळमळणारं, जे हळूहळू सुधारतं. प्रेक्षक त्या मधल्याचा हात धरून चालतो, अशी त्यांची रचना. आपल्याकडे 'हम लोग' मनोहर श्याम जोशींनी लिहिली. खालच्या मध्यमवर्गातलं घर, दारुडा बाप, मान खाली घालून सगळं सोसणारी आई भागवंती, नटी व्हायचं वेड लागलेली मझली, शिकून डॉक्टर होऊ पाहणारी छुटकी. भाग संपला की अशोककुमार येऊन दोन शब्द सांगायचे, आणि त्यांच्यावर पत्रांचा नुसता पाऊस पडायचा.

भागवंती कशासाठी होती? असं सोसू नये, हे बघणाऱ्याला कळावं म्हणून. पुढे अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारलं, तेव्हा अनेकांनी, त्यात बायकाही आल्या, भागवंतीच आदर्श आहे असं सांगितलं. बाई असावी तर अशी! लिहिणाऱ्याने धोक्याची पाटी लावली आणि बघणाऱ्यांनी तिला हार घातला. हे वाचल्यापासून मला एक पक्कं वाटतं. मालिका काय सांगते ते एक, आणि आपण आपल्या घरातून, आपल्या आईकडे बघत मालिकेतून काय उचलतो ते दुसरं.

याच्या उलटही घडलंय. २००१ ते २००३ या काळात बिहार, गोवा, हरियाणा आणि तमिळनाडूतल्या गावांमध्ये केबल पोहोचत होती. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थतज्ज्ञांनी केबल आलेली आणि न आलेली गावं ताडून पाहिली. त्या वेळी केबलवर काय होतं, तर बंगले, भरजरी साड्या, सासू-सुनांची भांडणं. समाजसुधारणेचा कुणाच्या मनात विचारही नव्हता. तरी केबल आलेल्या गावांत नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे असं म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या. मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला. घरातल्या निर्णयांत बाईचा शब्द वाढला, बाळंतपणं कमी झाली. २००९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. कारण काय असावं? त्या बंगल्यातल्या बायका एकट्या बाहेर जात होत्या, पैसे हाताळत होत्या, नवऱ्यासमोर बसून बोलत होत्या. कुणी उपदेश केला नाही. ते रोजचं म्हणून दिसत राहिलं, आणि रोजचं वाटू लागलं.

म्हणून मालिकेतल्या भाषणांकडे फार लक्ष देऊ नकोस. मागे काय चाललंय ते बघ. सून गरम पोळी कधी खाते का? लग्नानंतर तिची नोकरी कुठे जाते? घरात वाचताना कुणी दिसतं का? बाई मोठ्याने हसली की पार्श्वसंगीत बदलतं का? 'रंग माझा वेगळा'सारखी मालिका सावळ्या मुलीची बाजू घ्यायची, आणि सावळी दिसावी म्हणून उजळ नटीला रंग फासायची. चिऊचा रंग तुझ्यासारखा आहे. तिला संवाद कळण्याआधी हे कळतं गं.

चांगलंही दाखवतात, ते नाकारायचं कशाला? 'उंच माझा झोका' २०१२ मध्ये आली, तेव्हा अकराव्या वर्षी लग्न होऊन रानड्यांच्या घरात आलेली, बायकांचे टोमणे सोसून शिकणारी रमा घराघरात बसून लोकांनी पाहिली. ज्या आजीला रमाबाई रानडे आणि सेवासदन हे नुसतं शाळेच्या पुस्तकातलं नाव होतं, तिलाही त्या पोरीची काळजी वाटू लागली. व्याख्यानाने हे झालं नसतं. आणि २०२० च्या टाळेबंदीत ज्या घरात स्मार्टफोन नव्हता, तिथल्या मुलांसाठी सह्याद्री वाहिनीवरची 'टिलीमिली' हीच शाळा होती.

चिऊ आता अक्षरं जुळवायला लागलीय ना? मग एक सोपी गोष्ट कर. अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी वर्षानुवर्षं एकच धरून बसले: गाण्याचे शब्द त्याच भाषेत पडद्यावर खाली येऊ द्या. 'चित्रहार', 'रंगोली'वर ते आलेही. ओठावर असलेलं गाणं डोळ्यांनी वाचलं जातं, आणि वाचनाचा सराव नकळत होतो. मराठी गाण्यांचे शब्दांसकट व्हिडिओ मिळतात. रविवारी सकाळी लाव, आणि तूही तिच्याबरोबर मोठ्याने गा.

आता सासूबाईंचं. त्यांच्याशी बोलताना जपून बोल. दिवसभर घरात, गुडघे दुखतात, जिना उतरवत नाही. संध्याकाळच्या मालिका हीच त्यांची सोबत आहे. त्यांच्या देखत चिऊला "तसलं बघू नको" म्हणालीस, तर त्यांच्या मनाला लागेल, आणि आजीला नावं ठेवायचं चिऊ तुझ्याकडून शिकेल. तिला त्यासाठी टीव्हीची गरजच उरणार नाही. त्यापेक्षा सरळ सांग, "आई, चिऊला एकच मालिका बघू दे, तुम्ही म्हणाल ती. मी पण बसते." जेवताना टीव्ही बंद, हे मात्र सगळ्यांना सारखं, त्यात नवराही आला आणि त्याच्या बातम्याही.

आणि खरोखर बस. हातात मटारची शेंग घे हवं तर, पण फोन नको. काकू दाराआड उभी राहिली की चिऊला विचार, "ही चोरून का ऐकते गं? तिला कशाची भीती वाटते?" सुनेने तिसरा अपमान गिळला की सासूबाईंना विचार, "आई, तुम्ही असतात तर काय केलं असतंत?" त्या काय सांगतील याचा अंदाज तुला नाही, मलाही नाही. पण चिऊ ते कान टवकारून ऐकेल, आणि आजीचं खरं बोलणं त्या लिहून दिलेल्या संवादापेक्षा तिच्या मनात जास्त मुरेल. भागवंतीला आदर्श मानणाऱ्या घरांत हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारला असता, तर तिच्याकडे बघायची नजर थोडी तरी बदलली असती असं मला वाटतं.

केबलवाल्याला फोन करू नकोस. उद्या साडेसातला सासूबाईंच्या शेजारी जाऊन बस, आणि काय बोलणं झालं ते मला रविवारी सांग.