कुत्र्याची लूत : एक नाव, दोन रोग

केस झडलेले, कातडी जाड व सुरकुतलेली आणि सतत अंग खाजवणारे कुत्रे दिसले, की त्याला लूत लागली आहे असे म्हणून लोक हाकलून देतात. परंतु या एकाच नावाखाली वस्तुतः दोन भिन्न रोग मोडतात. त्यांपैकी एक संसर्गजन्य असून दुसरा तसा नाही. म्हणून लूत कोणत्या प्रकारची आहे हे ओळखणे, ही उपचाराची पहिली पायरी होय.

दोन्ही रोग माइट या सूक्ष्म जीवांमुळे होतात. माइट हे कीटक नव्हेत. कोळी व गोचीड ज्या वर्गात येतात, त्याच वर्गातील ते प्राणी होत.

पहिल्या रोगास सार्कॉप्टीस हा माइट कारणीभूत असतो. त्याची लांबी सुमारे अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असते. मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा करून त्यात अंडी घालते आणि दोन ते तीन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. कानांच्या कडा, कोपरे व पोट येथे प्रथम पुरळ दिसते आणि खाज असह्य होते. हा रोग एका कुत्र्याकडून दुसऱ्यास झपाट्याने लागतो. सांभाळणाऱ्या माणसाच्या हातांवर व पोटावरही पुरळ उठू शकते; तथापि कुत्र्यावरील हा माइट मनुष्याच्या कातडीत फार काळ टिकत नाही.

दुसऱ्या रोगाचे कारण असलेला डेमोडेक्स हा माइट लांबट आकाराचा असून केसांच्या मुळांशी राहतो. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, पिल्ले अंगावर पीत असताना, तो आईकडून त्यांच्याकडे येतो. निरोगी कुत्र्यांच्या अंगावरही तो अल्प प्रमाणात असतोच. शरीराची प्रतिकारशक्ती ढिली पडली म्हणजे त्याची बेसुमार वाढ होते. डोळ्यांभोवती, तोंडापाशी व पुढच्या पायांवर केस जाऊन चट्टे पडतात. आरंभी खाज बहुधा नसते. लहान वयातील थोडे चट्टे बहुतेक वेळा आपोआप बरे होतात. रोग सर्वांगावर पसरला, तर मात्र जिवाणूंचा संसर्ग होऊन तो गंभीर बनतो. हा रोग माणसास लागत नाही. म्हणजे त्याच्या भीतीने ज्या जनावरास घराबाहेर काढले जाते, त्याच्यापासून घरातील कोणासही धोका नसतो.

निदानासाठी पशुवैद्य कातडी खरवडून तो अंश सूक्ष्मदर्शकाखाली तपासतो. डेमोडेक्स अशा तपासणीत सहसा सापडतो. सार्कॉप्टीस संख्येने थोडे असल्याने पुष्कळदा सापडत नाहीत. म्हणून ते दिसले नाहीत, एवढ्यावरून रोग नाही असे ठरत नाही. अशा वेळी लक्षणांवरूनच उपचार सुरू करावे लागतात.

हा भेद न ओळखल्यास उपचारच घातक ठरू शकतो. खाज थांबावी म्हणून दिलेली स्टेरॉइड औषधे प्रतिकारशक्ती दडपतात आणि डेमोडेक्सची वाढ होते. यंत्राचे जळके तेल किंवा रॉकेल चोळण्याची प्रथा तर सर्वथा त्याज्य होय. कुत्रे ते चाटते आणि त्यास विषबाधा होते. आयव्हरमेक्टिन हे औषध गुणकारी असले, तरी कॉली व त्यासारख्या काही जातींच्या कुत्र्यांना ते प्राणघातक ठरू शकते. यामागील आनुवंशिक दोषाचा शोध २००१ मध्ये लागला. अलीकडे आयसॉक्साझोलिन गटातील गोळ्या दोन्ही रोगांवर वापरल्या जातात. औषध व त्याची मात्रा पशुवैद्यानेच ठरवावी.

पहिल्या रोगात घरातील सर्व कुत्र्यांवर एकाच वेळी उपचार करून त्यांचे अंथरूण गरम पाण्याने धुवावे. दुसऱ्या रोगात केस उगवले म्हणजे रोग गेला, असे समजू नये. एक महिन्याच्या अंतराने केलेल्या दोन तपासण्यांत माइट आढळला नाही, तरच औषध थांबवावे. योग्य निदान व धीर यांच्या साहाय्याने बहुतेक लूतभरी कुत्री पुन्हा निरोगी होतात.