‘बोर्ड’ ह्या शब्दाची कुळकथा

इंग्रजी भाषेंतील कांहीं शब्द आपल्या घरीं इतके रुळले आहेत कीं, ते परके आहेत हेंच आपण विसरतों. ‘बोर्ड’ हा त्यांपैकींच एक होय. दुकानावर बोर्ड, परीक्षेचें बोर्ड, आणि परगांवचीं मुलें राहतात तें बोर्डिंग! विद्यार्थी कोश उघडतो, तेथें अर्थांची रांगच दिसते, आणि तो घाबरून पहिलाच अर्थ उचलतो. मग उत्तरपत्रिकेंत ‘संचालकांची फळी’ सभेस बसते.

ह्या शब्दाचें मूळ अगदीं साधें आहे. जुन्या इंग्रजींत बोर्ड म्हणजे लांकडाची फळी. मध्ययुगांत इंग्लंडांतील मोठ्या घरीं अशा फळ्या आधारांवर टाकून जेवणाचें मेज मांडीत व जेवण आटोपलें कीं उचलून ठेवीत. त्यामुळें मेजास बोर्ड म्हणूं लागले, आणि पुढें मेजावरील अन्नासही. आपण नाहीं का ‘पान वाढलें’ म्हणत? तेव्हां केळीचें झाड कोणाच्या ध्यानांत असतें?

म्हणून ‘बोर्ड अँड लॉजिंग’ ह्या जोडींत बोर्ड म्हणजे जेवण व लॉजिंग म्हणजे राहणें. मुलास दूरच्या कॉलेजांत धाडणाऱ्या पालकांनीं पत्रक वाचतांना हें अवश्य पाहावें. नुसत्या लॉजिंगचा आकार दिला असेल, तर जेवणाचा खर्च त्यांत धरलेला नसतो. वर्षाच्या हिशेबांत हा फरक लहान नव्हे.

मराठींत मात्र बोर्डिंग म्हणजे सबंध वसतिगृहच. शाहू महाराजांनीं १९०१ सालीं कोल्हापुरास व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग स्थापिलें. भाऊराव पाटील ह्यांनीं १९२४ सालीं साताऱ्यास काढलेल्या बोर्डिंगांत निरनिराळ्या जातींचीं मुलें एकत्र राहत व एका पंगतीस जेवत. शब्दाचा जुना अर्थ असा तेथें पुरेपूर नांदला.

ज्या मेजाभोंवतीं जेवावें, त्याच मेजाभोंवतीं विचारविनिमयहि होतो. तेथें बसणारें मंडळ तें बोर्ड. मुंबई इलाख्यांत लोकल बोर्डें होतीं. १९६२ सालीं जिल्हा परिषदा आल्या, तरी ‘बोर्डाची शाळा’ हे शब्द वृद्धांच्या तोंडीं राहिलेच.

जहाजाची बाजूहि फळ्यांचीच. तिलाहि बोर्ड म्हणत. पूर्वीं सुकाणूचें वल्हें जहाजाच्या उजव्या अंगास असे, म्हणून ती बाजू ‘स्टारबोर्ड’. ह्यांतील ‘स्टार’चा ताऱ्याशीं संबंध नाहीं, तो सुकाणू धरण्याच्या क्रियेवरून आला आहे. जहाजावर चढणें तें बोर्डिंग, आणि आतां विमानांतहि चढणें तेंच. विमानतळावर मिळणाऱ्या ‘बोर्डिंग पास’वर जेवण मागूं नये!

‘अबव्ह बोर्ड’ म्हणजे उघड व सचोटीचा व्यवहार. पत्ते खेळणाराचे हात मेजाच्या वर, सर्वांस दिसतील असे असावेत, ह्यावरून हा प्रयोग निघाला असें सांगतात. पत्त्यांचा नाद आम्हांस रुचत नाहीं. शब्दप्रयोग मात्र मोठा नामी आहे.

आणि ‘कपबोर्ड’? मुळांत ती पेले मांडून ठेवण्याची फळी. दारें तिला मागाहून लागलीं, आणि उच्चारांतला ‘प’ही गळाला, तेव्हां लिहितांना तो विसरूं नये, व वाचतांना ‘कबर्ड’ असेंच म्हणावें.