उपवास, साबुदाणा आणि पोट

श्रावण लागला की माझ्या दवाखान्यात एक तक्रार हमखास वाढते. सोमवार, शनिवार, मधेच एकादशी, आणि मग काकू आवाज खाली आणून सांगतात, "डॉक्टर, तीन दिवस पोट साफ नाही हो." काय खाल्लंत विचारलं तर उत्तर ठरलेलं: सकाळी खिचडी, दुपारी वडे, रात्री उरलेली खिचडी. पाणी कमी, चहा मात्र चार वेळा.

आपला बराचसा साबुदाणा तामिळनाडूतल्या सेलम भागातून येतो. तिथे टॅपिओकाचे कंद सोलून वाटतात, पाण्यात कालवून गाळतात आणि खाली बसलेल्या पिठुळाचे दाणे करून भाजतात. गाळताना वर राहिलेला चोथा जातो गुरांच्या खाद्यात. त्यामुळे 100 ग्रॅम साबुदाण्यात तंतू जेमतेम एक ग्रॅम. खिचडीत जो काही चोथा असतो तो दाण्याच्या कुटाचा. आणि तुम्हाला दिवसाला लागतो 30 ग्रॅमच्या आसपास.

चोथा आपल्याला पचत नाही, म्हणूनच तो कामाचा. पाणी धरून ठेवतो, मळ मऊ राहतो. त्यातला काही भाग मोठ्या आतड्यातले जिवाणू खातात आणि त्यातून बनणारी आम्लं आतड्याच्या अस्तराला पोसतात. तो नसला की खडा होतो, कुंथावं लागतं, जुनी मूळव्याध डोकं वर काढते. मधुमेह असेल तर नुसत्या खिचडीने साखरही झपाट्याने चढते.

उपवास सोडा असं मी म्हणत नाही. सांगून कोण ऐकतंय? फराळ तेवढा बदला. राजगिऱ्याचं थालीपीठ करा, 100 ग्रॅम राजगिऱ्यात सुमारे सात ग्रॅम तंतू असतात. सालीसकट उकडलेलं रताळं, काकडीची कोशिंबीर, बिया न काढता पेरू. भगर बहुतेक वेळा पॉलिश केलेली मिळते, तिच्यावर फार भिस्त नको. हे सगळं एकाच दिवशी सुरू केलंत तर पोट फुगेल आणि शिव्या मला बसतील. दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा, पाणीही वाढवा.

पोट साफ व्हायला ईसबगोल घेत असाल तर तो कोरडा तोंडात टाकू नका, घशात फुगून अडकतो. पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्या. नेहमीच्या गोळ्या आणि तो, यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

शौचातून रक्त जात असेल, वजन उतरत असेल किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर मूळव्याधच असणार असं धरून पेरू खात बसू नका. आधी तपासून घ्या.