लसीचे संरक्षण किती काळ टिकते? – आरोग्यसेवकांच्या संदर्भात

१६ जानेवारी २०२१ रोजी देशभर कोविड लसीकरणास प्रारंभ झाला, तेव्हा पहिला क्रम आरोग्यसेवकांचा होता. डॉक्टर, परिचारिका, आशा सेविका यांच्याबरोबरच रुग्णालयातील सफाई कामगारही आरोग्यसेवकच होत, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. त्याच वर्षी २२ जुलैला महाड शहर पुराखाली गेले, तळिये येथे दरड कोसळली आणि पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. साथ संपली नव्हती, तरी आरोग्यसेवकांना लोकांत मिसळून काम करणे भाग होते. पहिल्या टप्प्यात लस घेतलेल्यांना तोवर काही महिने लोटले होते. त्यांचे संरक्षण कितपत शिल्लक होते, हा प्रश्न म्हणूनच जिव्हाळ्याचा ठरतो.

प्रतिपिंडे आणि स्मृती

लस टोचल्यावर शरीरात दोन गोष्टी घडतात. रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. ती रोगजंतूला गाठून निष्प्रभ करतात. त्याचबरोबर त्या जंतूची ओळख जपणाऱ्या स्मृतिपेशी निर्माण होतात. रक्तातील प्रमुख प्रतिपिंडांपैकी निम्मी सुमारे तीन आठवड्यांत नाहीशी होतात. नवी तयार होत राहिली तरच पातळी टिकते. स्मृतिपेशी मात्र दीर्घकाळ राहतात. जंतू पुन्हा आला की त्या जाग्या होतात. पण प्रतिपिंडांचे नवे उत्पादन पुरेसे वाढण्यास काही दिवस लागतात.

कोविडचा अनुभव

भुवनेश्वर येथील प्रादेशिक वैद्यकीय संशोधन केंद्राने ६१४ आरोग्यसेवकांचे रक्त तपासले. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांत दोन महिन्यांनंतर, तर कोविशील्ड घेतलेल्यांत तीन महिन्यांनंतर प्रतिपिंडांची घट दिसू लागली. कोविडचा विषाणू काही दिवसांतच लक्षणे निर्माण करतो आणि रूपही बदलतो. त्यामुळे स्मृतिपेशी सज्ज होण्यापूर्वीच संसर्ग होऊ शकतो. गंभीर आजारापासूनचे संरक्षण मात्र अधिक काळ टिकते. याच कारणास्तव १० जानेवारी २०२२ पासून आरोग्यसेवकांना, दुसऱ्या मात्रेनंतर नऊ महिन्यांनी, खबरदारीची मात्रा देण्यास सुरुवात झाली.

कावीळ ‘ब’चे वेगळे उदाहरण

रक्तावाटे पसरणाऱ्या कावीळ ‘ब’ची, म्हणजे हिपॅटायटिस बीची, गोष्ट निराळी आहे. हा विषाणू दीड ते सहा महिने घेऊन आजार प्रकट करतो. तेवढा अवधी स्मृतिपेशींना पुरेसा असतो. म्हणून प्रतिपिंडे पुढे मोजण्याइतकीही न उरली, तरी निरोगी व्यक्तीत या लसीचे संरक्षण किमान ३० वर्षे टिकल्याचे आढळले आहे. अट एकच : शून्य, एक व सहा महिने अशा तीनही मात्रा पूर्ण झालेल्या असाव्यात आणि शेवटच्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी केलेल्या तपासणीत प्रतिपिंडांची पातळी १० किंवा त्याहून अधिक एकके आलेली असावी. ती कमी आल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा पुन्हा घ्याव्या लागतात.

आपण काय करावे?

आपल्या संस्थेचे अनेक माजी विद्यार्थी आणि पालक रुग्णालयांत व आरोग्य केंद्रांत सेवा करतात. काही कंत्राटी सफाईच्या कामावर आहेत. कचऱ्याच्या पिशवीतील वापरलेली सुई हुद्दा पाहून टोचत नाही. देशाच्या नियमित बाललसीकरणात कावीळ ‘ब’ची लस सर्वत्र पोहोचली ती २०११ च्या सुमारास, त्यापूर्वी जन्मलेल्या पुष्कळांना ती बालपणी मिळालेली नाही. तेव्हा प्रत्येकाने आपल्या मात्रांची नोंद तपासावी, नसेल तर लसीची मागणी करावी आणि ती कंत्राटी कामगारालाही मिळेल हे पाहावे. सुई टोचल्यास जखम साबण-पाण्याने धुऊन, प्रसंग न लपवता, तत्काळ वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे.

प्रतिपिंडांचा आकडा घटला म्हणून भयभीत होऊ नये आणि एकदा लस घेतली म्हणून निष्काळजीही राहू नये. कोणत्या लसीचे संरक्षण किती टिकते हे जाणून वागणे, हाच शिक्षणाचा उपयोग होय.