वास चढतो, कडू तळाशी राहतं

पोहरादेवीला रामनवमीची यात्रा भरते, त्याच दिवसांत विदर्भात मोह गळत असतो. मानोरा तालुक्यातलं हे गाव बंजारा समाजाची काशी. सेवालाल महाराजांची समाधी इथे, जगदंबेचं देऊळ इथे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून नगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालयही इथेच. महाराजांच्या नावाने तांड्यातांड्यांत जो उपदेश सांगितला जातो, त्यात व्यसनापासून लांब राहा ही गोष्ट ठळक आहे. म्हणून वनौषधींची मद्यं समजावून देणारी ही कृती मी यात्रेच्या मुक्कामी, दारूचा थेंबही न वापरता करतो.

निमित्त माझ्या भाच्याचं. पुण्यात शिकतो. कुठल्याशा सिनेमात त्याने अ‍ॅबसिंथ पाहिली होती: हिरवी दारू, वर भोकं असलेला चमचा, चमच्यात साखरेचा खडा, त्यावर थेंबथेंब गार पाणी, आणि खाली पेल्यात हिरव्याचं दुधाळ होत जाणं. त्याने विचारलं, "मामा, तिनं माणूस वेडा होतो म्हणतात, ते खरं का?" तोंडी उत्तर देण्यापेक्षा मी त्याला म्हटलं, बडीशेप आण.

अ‍ॅबसिंथचा कणा तीन वनस्पतींचा: युरोपातला कडू दवणा, ॲनिस आणि बडीशेप. ॲनिस आपल्या स्वयंपाकघरात सहसा नसतो, पण चक्रीफुलाला जो वास आहे तोच त्याचा, कारण दोन्हींतलं मुख्य सुगंधी तेल एकच, ॲनेथॉल. बडीशेपेतही तेच. कडू दवण्याचं शास्त्रीय नाव आर्टिमिसिया ॲबसिंथियम. जोतिबाला चैत्रात वाहतात तो आपला दवणा आर्टिमिसिया पॅलेन्स. सख्खी नसली तरी एकाच घरातली भावंडं आहेत ही. म्हणजे ज्याला दवण्याचा वास ओळखीचा आहे आणि जेवणानंतर ज्याच्या तोंडात बडीशेप असते, त्याला अ‍ॅबसिंथ अर्धी अगोदरच कळलेली असते.

बडीशेपेचा अर्क काढायचं सामान असं: बडीशेप १०० ग्रॅम, चक्रीफूल २, पाणी दीड लिटर, बर्फ दोनेक किलो. पाच लिटरचं स्टीलचं पातेलं, त्यावर बसणारं घुमटाकार झाकण, कुकरमधली छोटी तिवई, एक स्टीलची वाटी. पुढच्या भागासाठी काडेचिराईताच्या चार काड्या. यात्रेत बर्फाची अडचण नसते. गोळेवाल्याकडे सकाळीच लादी आलेली असते. दवणा आमच्याकडे सहज मिळत नाही, कोल्हापूरकडून कुणी आलं तर एक जुडी मागवतो. ती फक्त चुरून हुंगायला. अर्कात घालू नका.

रात्री बडीशेप आणि चक्रीफूल खलबत्त्यात जाडसर ठेचा. पूड करू नका, पूड तळाला बसून करपते, आणि करपट वास एकदा आला की घालवता येत नाही. ठेचलेलं दीड लिटर पाण्यात झाकून ठेवा. सकाळपर्यंत पाणी पिवळसर होईल.

सकाळी हे सगळं पातेल्यात ओता. मधोमध तिवई ठेवा, तिच्यावर रिकामी वाटी. वाटीचा काठ पाण्याच्या बराच वर असला पाहिजे, नाहीतर उकळताना खालचं पाणी उडून वाटीत जातं आणि सगळी मेहनत वाया. आता झाकण उलटं ठेवा, म्हणजे त्याची मूठ बरोबर वाटीवर येईल. वर झालेल्या खळग्यात बर्फ भरा. कडेने वाफ निसटू नये म्हणून ओलं फडकं पिळून गुंडाळा, पण कणकेने लिंपून पातेलं बंद करू नका. वाफेला वाट हवीच. फडक्याची टोकं आचेपासून लांब.

आच मंद. पाणी खदखदलं की काम बिघडतं. हळू बुडबुडे येत राहिले पाहिजेत. वाफ वर जाते, गार झाकणाला लागते, थेंब होऊन मुठीवरून वाटीत पडते. बर्फ वितळला की पाणी वाटीने काढा, नवा बर्फ घाला. दर दहा-पंधरा मिनिटांनी हे करावं लागतं, आणि इथेच बहुतेकजण कंटाळतात. कंटाळू नका. झाकण कोमट झालं की वास खोलीभर पसरतो आणि वाटीत नुसतं पाणी उतरतं.

वीस मिनिटांनी वाटी चिमट्याने काढा, तिथे दुसरी ठेवा. ही पहिली वाटी वेगळी राखा. आपल्या भाषेत "पहिल्या धारेची" हा शब्द हातभट्टीवरून आला आणि चांगल्या वस्तूला चिकटला, तो का, हे ही वाटी नाकाशी नेली की कळतं. सुगंधी तेल बहुतांश सुरुवातीलाच वाफेबरोबर येतं. वाटीतलं पाणी किंचित गढूळ दिसेल, उन्हात धरलं तर वर तेलाची बारीक चकाकी. दुसऱ्या वाटीत वास निम्माही नसतो. दोन्ही मिळून अडीचशे-तीनशे मिली झालं की आच बंद करा. तळ कोरडा होऊ देऊ नका.

आता खरी परीक्षा. पातेल्यातला उरलेला तपकिरी काढा आणि वाटीतला अर्क, दोन्ही चमच्याने चाखा. अर्कात गोडसर वास, रंग नाही. काढ्यात रंग, तुरटपणा, वास जेमतेम. मग पातेलं धुऊन तीच कृती छोट्या प्रमाणात पुन्हा करा, या खेपेला काडेचिराईताच्या काड्या घालून. काढ्याचा एक थेंब जिभेवर ठेवला तर तोंड वाकडं होईल. अर्क? अजिबात कडू नाही. माझ्या भाच्याने तीनदा चाखून पाहिला. कडूपणाचे रेणू जड, ते वाफेबरोबर चढत नाहीत.

एवढं हाताने करून पाहिलं की जगभरच्या वनौषधी मद्यांचे दोन ढीग आपोआप वेगळे होतात. एक ऊर्ध्वपातनाचा: वनस्पती मद्यार्कात भिजवून मग गाळल्या, म्हणजे वास वर आला, कडू मागे राहिलं. अ‍ॅबसिंथ या ढिगातली. म्हणून चांगली अ‍ॅबसिंथ लोकांना वाटते तितकी कडू नसते. ग्रीसची ऊझो याच वाटेची. दुसरा ढीग भिजवण्याचा, जिथे वनस्पती मद्यात पडून राहते आणि रंग, कडू, तुरट सगळं उतरतं. व्हर्मूथ त्यातली, तिचं नावच कडू दवण्याच्या जर्मन नावावरून, व्हेर्मूट, आलेलं. इटलीची कँपारी त्यातली. आणि आपल्या शेजारी गोव्यात दुकशिरीची फेणी: तयार फेणीत दुकशिरीचं मूळ, म्हणजे आपली अनंतमूळ किंवा उपळसरी, घालून ठेवतात. मूळ घातल्यावर पुन्हा गाळत नाहीत, म्हणून तिला रंगही येतो आणि मातीचा गोड वासही.

आयुर्वेदातली आसवं-अरिष्टं मात्र दोन्ही ढिगांत बसत नाहीत. दशमूलारिष्टात मद्य बाहेरून ओतलेलं नसतं. काढा, गूळ आणि धायटीची फुलं घालून आंबवताना ते आतच तयार होतं आणि त्याचं ऊर्ध्वपातन होत नाही. मोहाचं उलट. तिथे औषधी नाहीच, फुलातली साखर आंबते आणि गाळल्यावरही फुलाचा वास टिकतो. मोहाची दारू वनौषधी मद्य नव्हे, फुलाचं मद्य आहे, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे "जंगली दारू" म्हणून सगळं एकाच पोत्यात भरतात. मोहाच्या फुलाची भाकरी आणि लाडू खाऊन उन्हाळा काढलेल्या घरांना त्या पोत्याचं दुःख ठाऊक आहे.

राहिला तो दुधाळ रंग. त्यासाठी पेलाभर पाण्यात डेटॉलचे काही थेंब टाका. पिण्यासाठी नाही, बघण्यासाठी. पेला नंतर वेगळा काढा. तपकिरी थेंब पाण्यात पडताच पांढरे. तेल मद्यार्कात विरघळलेलं असतं. पाणी वाढलं की त्याला विरघळून राहता येत नाही, ते सूक्ष्म थेंबांनी बाहेर पडतं आणि उजेड विखुरला जाऊन आपल्याला पांढरं दिसतं. अ‍ॅबसिंथच्या एका भागात तीन ते पाच भाग गार पाणी घालतात तेव्हा ॲनेथॉलचं हेच होतं. बाटलीतली दारू पाण्याने मुळीच दुधाळ होत नसेल, तर तिच्यात बडीशेप-ॲनिसचं तेल पुरेसं नाही, एवढं नक्की. हिरव्या रंगाचीही अशीच खूण आहे. खरा हिरवा रंग गाळल्यानंतर पुन्हा पाला भिजवून येतो, कारण हरितद्रव्य मद्यार्कात उतरतं. तुमच्या अर्कात पुदिना घालून पाहा, पाणी स्वच्छच राहील. बिनरंगी अ‍ॅबसिंथही असते; स्वित्झर्लंडच्या व्हाल द ट्राव्हेर खोऱ्यात बंदीच्या काळात लपूनछपून गाळायचे ती तशीच.

आणि वेड? भाच्याला मी सांगितलं ते असं. १९०५ साली स्वित्झर्लंडच्या कोमुन्यी गावात एका मजुराने आपल्या गरोदर बायकोला आणि दोन मुलींना गोळ्या घातल्या. त्या दिवशी तो अ‍ॅबसिंथ दोनच पेले प्यायला होता. उरलेला दिवस वाईन आणि ब्रँडीवर गेला होता. दोष अ‍ॅबसिंथवर आला. १९०८ च्या सार्वमताने स्वित्झर्लंडमध्ये बंदी ठरली, ती १९१० मध्ये लागू झाली, १९१५ मध्ये फ्रान्समध्ये. स्वित्झर्लंडने ती २००५ मध्ये उठवली. कडू दवण्यात थुजोन नावाचं द्रव्य आहे, फार प्रमाणात घेतलं तर झटके आणणारं, म्हणून युरोपात त्यावर मर्यादा आहे. पण माणसं उद्ध्वस्त केली ती त्या बाटलीतल्या साठ-सत्तर टक्के मद्यार्काने.

इथे मी थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. वरची मांडणी पाण्यासाठी आहे. तिच्यात सडवा, म्हणजे आंबवलेलं मिश्रण, घालून दारू गाळणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ खाली गुन्हा आहे, आणि मद्यार्काची वाफ चुलीजवळ भडकते. विषारी मिथेनॉल तर वासाने, चवीने ओळखू येतच नाही. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरावर माणसं गेली. त्यांच्यातल्या कुणाला आधी कळायचा मार्ग नव्हता.

अर्क पूर्ण गार झाला की उकळून वाळवलेल्या काचेच्या बाटलीत भरा, फ्रिजमध्ये ठेवा, आठवड्यात संपवा. जेवणानंतर पेलाभर पाण्यात दोन चमचे पुरतात. तान्ह्या बाळाला, गरोदर बाईला देऊ नका. रोजची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून. पहिल्या वाटीतला अर्क मी वेगळ्या छोट्या बाटलीत ठेवतो. यात्रेला येणाऱ्या एक म्हाताऱ्या याडी (बंजारा बोलीत आई) दरवर्षी ती बाटली उघडतात, पीत नाहीत, नुसती नाकाशी धरतात आणि सांगतात, यंदाची बडीशेप जुनी आहे की नवी. अजून तरी त्यांचं चुकलेलं नाही.

पातेल्यातली उकडलेली बडीशेप टाकू नका. उन्हात वाळवली की बैलांच्या आंबोणात चालते.