एकर-गुंठे आणि हेक्टर-आर : दोन मापांच्या सांध्यावरील सावधगिरी

शेतकऱ्याचा बहुतेक व्यवहार मापावर चालतो. जमीन मापून घ्यावयाची, पाऊस मापावरून ओळखावयाचा, पाणी व खत मापून द्यावयाचे आणि शेवटी माल मापून विकावयाचा. ही सर्व मापे एकाच पद्धतीची असती तर प्रस्तुत लेखाचे प्रयोजन उरले नसते. परंतु आपल्या जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत आज दोन पद्धती शेजारी शेजारी नांदत आहेत. सातबाराच्या उताऱ्यावर हेक्टर व आर, तर पारावरच्या बोलण्यात एकर व गुंठे. पावसाचा आकडा मिलिमीटरमध्ये, तर धरणाचा साठा घनफुटांत. पाइपावर मिलिमीटर छापलेले, तर दुकानात मागणी इंचाची. बाजारात किलो व क्विंटल, तर भीमाशंकरच्या डोंगरकुशीतील घरांत अद्याप पायली.

यांपैकी कोणती पद्धत चांगली, हा वाद येथे घालावयाचा नाही. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बिनचूक आहेत. शेतकऱ्याचे नुकसान होते ते एकीतून दुसरीत जाताना, म्हणजे दोहोंच्या सांध्यावर. तो सांधा कसा ओलांडावा एवढेच येथे पाहावयाचे आहे.

जमिनीचे माप

एकर व गुंठा ही मापे आपल्याला आज घरची वाटतात, परंतु तीही एके काळी नवीनच होती. शिवकाळात जमीन काठीने मोजीत. २० काठ्यांचा पांड, २० पांडांचा बिघा आणि १२० बिघ्यांचा चाहूर असा हिशेब असे. पुढे इंग्रजी अमलात गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी आपल्याच पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, १८३५-३६ च्या सुमारास नव्या पाहणीस आरंभ केला. या पाहणीतील साखळी ३३ फुटांची असून तिचे १६ आणे पाडलेले होते. एक साखळी लांब व एक साखळी रुंद एवढी जागा म्हणजे एक गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, अर्थात ४३,५६० चौरस फूट. रुपयाचे जसे १६ आणे तसेच गुंठ्याचेही १६ आणे असल्यामुळे हा हिशेब लोकांच्या तोंडी लवकर बसला.

स्वातंत्र्यानंतर १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने प्रचारात आली. जमिनीच्या दप्तरातही यथाकाल हेक्टर व आर आले. १०० चौरस मीटर म्हणजे एक आर व १०० आर म्हणजे एक हेक्टर.

दोहोंचा मेळ पुढीलप्रमाणे आहे.

१ गुंठा = १०१.१७ चौरस मीटर = १.०११७ आर
१ एकर = ४०.४७ आर
१ हेक्टर = २ एकर १९ गुंठ्यांहून किंचित कमी (९८.८४ गुंठे)

गुंठा व आर यांत शेकडा सव्वाहूनही कमी फरक असल्यामुळे पुष्कळ लोक दोन्ही एकच समजतात. अंदाजापुरते ते चालेल. पण दहा एकरांचे ४०० आर धरले तर खरे ४०४.७ आर असतात, म्हणजे पावणेपाच आर जमीन हिशेबातून गळते. खरेदीखत करताना एवढी जमीन कोणीही सोडणार नाही.

याहून मोठा खड्डा टिंबाचा आहे. हेक्टर व आर हे शंभरपटीचे नाते असल्यामुळे १ हेक्टर ३० आर हे १.३० हेक्टर असे लिहिता येते. एकर व गुंठे हे चाळीसपटीचे नाते आहे. म्हणून १ एकर ३० गुंठे म्हणजे १.३० एकर नव्हे. ते १.७५ एकर होय. जुन्या कागदावर मात्र १-३० अगर १.३० असेच लिहिलेले आढळते.

याचा परिणाम एका उदाहरणावरून पाहू. समजा, चार भावांची वडिलोपार्जित जमीन जुन्या वाटणीपत्रात १ एकर ३० गुंठे लिहिलेली आहे. योग्य रीत अशी की प्रथम सर्वांचे गुंठे करावेत : ४० अधिक ३०, म्हणजे ७०. त्यांस १.०११७ ने गुणावे, उत्तर ७०.८२ आर, म्हणजे उताऱ्याच्या रीतीने ०.७०.८२. प्रत्येक भावास सुमारे १७.७ आर आले. आता हिशेब करणाऱ्याने तोच आकडा १.३० एकर असा वाचून ४०.४७ ने गुणला, तर उत्तर येते ५२.६१ आर. फरक १८.२१ आर! म्हणजे एका टिंबाने एका भावाचा संपूर्ण वाटा, आणि वर अर्धा आर, कागदावरून नाहीसा झाला. जमीन जागच्या जागीच आहे, बांध हलला नाही, कोणी लबाडीही केली नाही. तरी भावाभावांत कज्जा उभा राहावयास एवढे पुरे होते.

धान्याचे माप

धान्याच्या बाबतीत निराळी अडचण आहे. पायली हे वजन नसून माप आहे. चार शेरांची पायली, १६ पायल्यांचा मण व २० मणांची खंडी. मापात किती धान्य मावते हे दाण्यावर अवलंबून असते. भाताच्या दाण्याला तूस असल्यामुळे भाताची पायली हलकी भरते. त्याच पायलीत तांदूळ अगर नाचणी घातली तर ती जड भरते. शिवाय शीग लावून दिलेली पायली व वरून सपाट केलेली पायली यांत अंतर पडते ते निराळेच. म्हणून 'पायलीचे किलो किती?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. ज्याच्या घरी पायली आहे त्याने भात, तांदूळ, नाचणी व वरई यांची एकेक सपाट पायली एकदा काट्यावर घालावी आणि ते चार आकडे कणगीजवळ लिहून ठेवावेत. हिरड्यासारखा माल वजनावर विकला जातो. तेथे मापाचा अंदाज मुळीच उपयोगी नाही, कारण वाळल्यावर वजन घटते.

मण या शब्दापासून विशेष जपावे. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा होता, तर रेल्वेचा ८२ पौंडांहून थोडा अधिक. ८० तोळ्यांचा शेर व ४० शेरांचा मण धरला तर मणाचे ३७.३२ किलो होतात. अलीकडे कोणी सोयीसाठी ४० किलोंचा मण धरतात, तर गुजरातेत २० किलोंचा मण चालतो. ३७.३२ किलोंच्या जुन्या मणाचा भाव ठरवून ४० किलोंचा मण मोजून दिला, तर पन्नास मणांमागे १३४ किलो माल फुकट गेला असे समजावे. आपल्याकडे कांद्याचा भाव दहा किलोंवर बोलतात, तर लासलगावास क्विंटलवर. तिकडचा आकडा ऐकून हुरळण्यापूर्वी त्याला दहाने भागावे.

पाऊस व पाणी

एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे आजोबांच्या वेळचा पाऊस व आजचा पाऊस ताडून पाहता येतो. पण त्या पावसाचे पाणी किती झाले, हे काढावयाचे असेल तर दशमान पद्धतीची सोय लक्षात येते. एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. येथे गुणाकारही करावा लागत नाही. हेच जुन्या पद्धतीने काढावयाचे तर एक एकरावर एक इंच पाऊस म्हणजे ३,६३० घनफूट, आणि त्याचे गॅलन करण्यासाठी पुन्हा सव्वासहाच्या आसपास गुणावयाचे. लिटरमध्ये हे पाणी सुमारे १ लाख ३ हजार भरते. शेततळे खोदू इच्छिणाऱ्याने हा आकडा जवळ बाळगावा.

धरणांच्या बाबतीत जुने मापच रूढ आहे. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, अर्थात २ कोटी ८३ लाख घनमीटर. घोड नदीवरील डिंभे धरणाचा साठा सुमारे साडेतेरा टीएमसी; तो घनमीटरमध्ये ३८ कोटींच्या वर जातो. कालव्याचे पाणी क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदास एक घनफूट, अर्थात २८.३ लिटर. ही धार एक दिवस व एक रात्र अखंड चालली, तर एका एकरावर जवळजवळ दोन फूट पाणी उभे राहील. म्हणजेच चार एकरांस प्रत्येकी सहा इंचांची पाळी मिळेल. येथे घनफूट व एकर ही एकाच घरची मापे असल्यामुळे हिशेब सोपा होतो. यावरून बोध असा की एका हिशेबात एकाच घरची मापे असावीत.

पाइपाचे उदाहरण याच जातीचे आहे. ज्याला आपण दोन इंची म्हणतो त्या पाइपावर ६३ मिलिमीटर छापलेले असते. वास्तविक दोन इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर. ६३ हे बाहेरचे माप आहे हे ओळखावे आणि जोड घेताना तोंडच्या नावावर न जाता छापील आकडा पाहावा.

खताचे माप

कृषी विद्यापीठांच्या शिफारशी हेक्टरी असतात आणि शेतकरी विचार करतो तो एकरी. समजा, शिफारस हेक्टरी १०० किलो नत्राची आहे. युरियात शेकडा ४६ नत्र असते. तेव्हा हेक्टरी २१७ किलो आणि एकरी ८८ किलो युरिया लागेल. युरियाची गोणी पूर्वी ५० किलोंची होती, ती २०१८ पासून ४५ किलोंची झाली आहे. म्हणजे एकरास दोन गोण्यांस थोडा कमी. हेक्टरचा आकडा एकराचा समजून टाकला, तर जवळजवळ पाच गोण्या जातील. पैसा तर वाया जाईलच, शिवाय पीक माजेल, लोळेल व रोगास बळी पडेल.

शहाण्यांचीही चूक

अशी चूक अडाण्यांचीच होते असे कोणी समजू नये. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडातील एका प्रवासी विमानात २२,३०० किलो इंधन हवे असताना २२,३०० पौंडच भरले गेले. त्या देशात नुकतेच दशमान माप सुरू झाले होते, आणि लिटरचे वजन काढताना जुनाच गुणक वापरला गेला. निम्म्याहून कमी इंधनावर उडालेले ते विमान आकाशातच बंद पडले. वैमानिकांच्या कौशल्याने ते गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरले व सर्व प्रवासी वाचले. आकडा बरोबर होता. त्यापुढील नाव चुकले होते.

ध्यानात ठेवावयाचे नियम

१. नुसता आकडा कधीही लिहू नये. त्यापुढे मापाचे नाव लिहावे. सौद्यातही 'गुंठा की आर, मण किती किलोंचा' हे प्रथम विचारावे.

२. एकर-गुंठ्यांत टिंब वापरू नये. 'एकर' व 'गुंठे' हे शब्द लिहावेत.

३. रूपांतर करताना प्रथम सर्व गुंठे करावेत, मग आर. रूपांतर एकदाच, शेवटी करावे.

४. उत्तर आले म्हणजे ते उलट करून पाहावे. आरांस १.०११७ ने भागून मूळचे गुंठे आले नाहीत, तर सही करू नये.

५. घरातील जुन्या कागदांचे एक टिपण करावे : डाव्या बाजूस एकर-गुंठे, उजव्या बाजूस हेक्टर-आर. हे काम घरातील शिकत्या मुलामुलींकडून करवून घ्यावे. त्यांचा गणिताचा अभ्यास होईल आणि आपल्या शेताची ओळखही पटेल.

काठी गेली, साखळी आली. साखळीच्या मागून मीटर आला. जमीन तीच आहे. माप बदलले म्हणून तिचा एक आणाही कमी होऊ नये, एवढी काळजी मात्र धन्यानेच घ्यावयाची आहे.