जुना ट्रॅक्टर घेताना : ब्रेक, कागद आणि आपला हक्क



या सदरात मी एरवी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांवर लिहितो. या वेळी विषय वेगळा आहे. हंगाम तोंडावर आला की वाहतुकीचे करार होतात, उचल हातात पडते आणि त्या पैशातून आपल्यातले बरेच जण जुना ट्रॅक्टर घेतात. नव्याची किंमत झेपत नाही, म्हणून जुना घेण्यात गैर काहीच नाही. पण बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, आणि ट्रॅक्टर घेताना मात्र रंग आणि टायर बघून इसार देतो.

गेल्या हंगामात आपल्या एका सभासदाने जुन्या वाहनांच्या एका विक्रेत्याकडून ट्रॅक्टर घेतला. सौदा झाला तेव्हा मी बरोबर होतो. विक्रेता म्हणाला, "ब्रेक एकदम टाइट आहेत, उद्यापासून उसाला लावा." स्टॅम्प पेपरवर एकच ओळ होती : "वाहन जसे आहे तसे पाहून घेतले, पुढे कसलीही तक्रार नाही." सभासदाने सही केली. साक्षीदार म्हणून मीही केली. पंधरवड्यात कालव्याच्या उतारावर भरलेल्या ट्रॉलीने ट्रॅक्टर पुढे ढकलला. ड्रायव्हरने पेडल तळाला दाबले तरी गाडी थांबेना. ट्रॉली चारीत गेली आणि ड्रायव्हरचा पाय मोडला. उतारावरून शाळेची पोरं नुकतीच पुढे गेली होती, एवढेच नशीब. मिस्त्रीने चाक खोलले तर लायनर झिजून रिव्हेटला टेकलेले आणि वर तेलाने माखलेले.

विक्रेत्याकडे गेलो, तर त्याने आमच्या सह्यांचा कागद पुढे केला. हंगाम थांबू नये म्हणून सभासदाने दुसऱ्याच दिवशी नवे लायनर टाकले होते आणि जुने भंगारात गेले होते. फोटो नाही, मिस्त्रीचा लेखी दाखला नाही. शेवटी चार माणसांनी मध्ये पडून थोडे पैसे परत मिळवून दिले. दवाखान्याचा निम्मा खर्चही त्यात निघाला नाही. त्यानंतर मी जाणकारांकडून कायदा नीट समजून घेतला. तो आपल्या बाजूने आहे, पण तो कागदावर चालतो. म्हणून हा लेख.

कायदा काय म्हणतो

सर्वसाधारण नियम असा की घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे. पण मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ मध्ये याला दोन महत्त्वाचे अपवाद आहेत.

पहिला : विक्रेता त्याच मालाचा धंदा करणारा असेल, तुम्ही माल कशासाठी हवा ते त्याला सांगितले असेल आणि त्याच्या जाणकारीवर भरवसा ठेवून घेतला असेल, तर माल त्या कामाला बऱ्यापैकी योग्य असलाच पाहिजे. ही अट कागदावर नसली तरी कायद्याने धरली जाते. म्हणजे "उसाची भरलेली ट्रॉली रस्त्यावर ओढायची आहे" हे तुम्ही बोललात, तर तेथून विक्रेत्याची जबाबदारी सुरू होते. फक्त ते बोलल्याचा पुरावा हवा.

दुसरा : धंदेवाईक विक्रेत्याने वर्णन करून विकलेला माल विकण्याजोग्या दर्जाचा असला पाहिजे. मात्र तुम्ही माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जो दोष दिसायलाच हवा होता, त्याची तक्रार या मुद्द्यावर पुढे चालत नाही. फुटका दिवा किंवा घासलेला टायर डोळ्यांना दिसतो. ड्रमच्या आतला लायनर चाक खोलल्याशिवाय दिसत नाही. हा फरक ध्यानात ठेवा.

जुन्या वस्तूने नव्यासारखे चालावे असे कायदा म्हणत नाही. पण जी गाडी थांबतच नाही, तिला "जुनी आहे, चालायचंच" असे म्हणून भागत नाही. मोटार वाहन कायद्यातील कलम १८२-अ नुसार, नियमात न बसणारे वाहन विकणाऱ्या विक्रेत्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ब्रेकबद्दलचा नियम म्हणजे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९६. विक्रेत्याने विकतानाच तो दोष सांगितला होता असे सिद्ध केले, तर मात्र तो सुटतो. म्हणून काय सांगितले आणि काय नाही, हे लिहून घेणे दोघांच्याही हिताचे.

"जसे आहे तसे" या ओळीचे काय? कलम ६२ प्रमाणे दोघांच्या करारातून कायद्याने धरलेली अट बाजूला ठेवता येते. म्हणून ती ओळ फुकाची नाही, तुमचा हक्क ती बराच कापते. तरीही विक्रेत्याने जाणूनबुजून खोटे सांगितले किंवा दोष झाकला, तर करार कायदा, १८७२ प्रमाणे ती फसवणूक होते आणि असल्या ओळीआड त्याला सहजी लपता येत नाही. पण फसवणूक सिद्ध करायचे ओझे तुमच्यावर. त्यापेक्षा ती ओळ खोडायला लावा. खोडत नसेल, तर त्याला ब्रेकची खात्री नाही असे समजा आणि परत फिरा.

शेजाऱ्याचा किंवा पाहुण्याचा ट्रॅक्टर घेतला, तर हे बरेचसे हक्क लागू होत नाहीत, कारण तो धंदेवाईक विक्रेता नसतो. तिथे त्याने लिहून दिले तेवढेच खरे.

सौद्याच्या दिवशी

१) विक्रेत्याचे प्रमाणपत्र बघा. १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत जुन्या वाहनांचा धंदा करणाऱ्याला आर.टी.ओ.कडून अधिकारपत्र घ्यावे लागते आणि ते ५ वर्षे चालते. नुसता दलाल असेल, तर खरा विकणारा कोण ते आर.सी. बुकावरून पक्के करा.

२) आपला मिस्त्री बरोबर न्या. दोन्ही ब्रेक पेडल एका पातळीत आहेत का, त्यांना जोडणारी कडी शाबूत आहे का, पेडल फार खोल जाते का, ते बघा. मोकळ्या जागेत हळू वेगात दोन्ही पेडल जोडून ब्रेक दाबा. गाडी एका बाजूला ओढली, तर दोन्ही बाजूंचे ब्रेक सारखे धरत नाहीत. हँडब्रेक उतारावर बघा, पण चाकाखाली लाकडी ठोकळा तयार ठेवून. मागच्या चाकाच्या आतून तेल झिरपते का ते बघा.

३) रिकाम्या ट्रॅक्टरचा ब्रेक लागला म्हणजे झाले असे नाही. ताशी २० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात साडेपाच मीटर जाते, आणि मागून टनावारी ऊस ढकलत असतो. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल, तर तो सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतो.

४) कागदावर पुढील मजकूर घाला :

"हा ट्रॅक्टर ऊस भरलेल्या ट्रॉलीसह रस्त्यावरील वाहतुकीसाठी घेत असल्याचे मी विक्रेत्यास सांगितले आहे व त्याच्या सांगण्यावर भरवसा ठेवून सौदा केला आहे. ब्रेक, हँडब्रेक व स्टिअरिंग सुरक्षित व चालू स्थितीत असल्याचे विक्रेता लिहून देत आहे. ब्रेकचे ड्रम उघडून पाहिले / पाहिलेले नाहीत. विक्रेत्यास माहीत असलेले दोष : ............"

खाली दोघांच्या सह्या, तारीख, इंजिन व चेसिस नंबर आणि मीटरवरचे तास. पैसे शक्यतो बँकेतून द्या. नाव बदलण्याचा अर्ज आणि विम्याची नोंद लांबवू नका. विम्यासाठी १४ दिवसांची मुदत आहे.

दोष निघाला तर

गाडी त्याच दिवशी थांबवा. ब्रेक खराब आहे हे माहीत असून गाडी रस्त्यावर काढली, तर गुन्हा तुमच्यावरही येतो, आणि रस्त्यावरच्या माणसाला इजा झाली तर भरपाई मालकाच्या गळ्यात पडते. हंगाम आहे, हे कारण तिथे चालत नाही.

चाक खोलताना फोटो काढा. मिस्त्रीकडून तारीख, तास आणि दोष लिहून सही घ्या. जुने लायनर पोत्यात बांधून घरात ठेवा. भंगारात टाकू नका, तोच तुमचा पुरावा. विक्रेत्याला लेखी कळवा, स्पीड पोस्टाने, पोच जपून ठेवून : दोष काय, तुमची मागणी काय, आणि इतक्या दिवसांत येऊन बघा. गप्प राहून गाडी वापरत राहिलात, तर कलम ४२ प्रमाणे तुम्ही माल स्वीकारला असे धरले जाते. मग सहसा गाडी परत करता येत नाही, फक्त नुकसानभरपाई मागता येते.

दाद कुठे मागायची

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात ५० लाख रुपयांपर्यंत किंमत दिलेल्या मालाची तक्रार करता येते. आपण राहतो त्या जिल्ह्यात ती दाखल होते, मुदत २ वर्षांची. ५ लाखांपर्यंत फी नाही, पुढे १० लाखांपर्यंत २०० रुपये. वकील सक्तीचा नाही. दोष काढून देणे, पैसे परत करणे आणि भरपाई, असे हुकूम आयोग देऊ शकतो. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

इथे एक खोच आहे. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा घेणारा "ग्राहक" ठरत नाही. मात्र स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतली असेल, तर तो ग्राहक ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात हा फरक समजावून दिला आहे. स्वतः चालवणारा, मदतीला एखादा माणूस घेणारा यात बसतो. सगळे काम पगारी ड्रायव्हरवर सोडणारा किंवा चार-चार ट्रॅक्टर पळवणारा सहसा बसत नाही. तसे असेल, तर दिवाणी कोर्टात करारभंगाची भरपाई मागता येते, मुदत ३ वर्षे. घरच्या वापरासाठी घेतलेल्या जुन्या जीपला किंवा मोटारीला ही अडचण नाही.

शेवटी

त्या कागदावर माझी सही आहे, हे मी विसरू शकत नाही. ड्रायव्हर अजून काठी घेऊन चालतो. वाचायला पाच मिनिटे लागली असती, ती मी दिली नाहीत.

म्हणून विनंती : जुने वाहन घ्यायचे ठरले, की इसार देण्याआधी कागद गट ऑफिसला घेऊन या. वरच्या मजकुराची प्रत तिथे ठेवली आहे. आपण दोघे बसून वाचू, मगच सही करा.

पुढील अंकात खोडव्यातील पाचट व्यवस्थापन.

— ऊस विकास अधिकारी